गाभडलेल्या म्हशी आणि काकूंचा ताप

"वार कोणी काढली?" मी विचारलं. वार म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण; म्हैस गाभडली, म्हणजे दिवस भरण्याआधी गाभ पडला, की ती पोटात अडकू शकते.

गोठ्याच्या दारातून सुमनकाकू म्हणाल्या, "मीच. दुसरं कोण काढणार? अडकली होती. हात घालून काढली."

"हातमोजे?"

"ते कशाला? सून होऊन या घरात आले तेव्हापासून काढतेय."

पापडी गावाच्या पुढे, केळीच्या वाडीमागे हा गोठा. म्हशींची देखभाल सुमनकाकू आणि त्यांचा मुलगा नितीन करतात. मला बोलावलं होतं डॉ. संखे यांनी. माझे जुने विद्यार्थी, त्या भागातले गोठे तेच बघतात. फोनवर म्हणाले होते, "मॅडम, लागोपाठ तिसरी म्हैस गाभडली. गाभ चांगला मोठा होता. मला लक्षण बरं दिसत नाही."

मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे, पण जनावरांना इंजेक्शनं देत फिरणारी नाही. जनावरांतून माणसांत येणारे आजार आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू, हा माझा विषय. बरेचसे दिवस लॅबमध्ये जातात. पण असा फोन आला की गोठ्यात जावंच लागतं.

नितीनची बायको प्राची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सहावा महिना चालू असावा. मी म्हटलं, "तू पण ये ना, ऐक."

"ती नको," काकू पटकन म्हणाल्या. "तिला मी गोठ्याकडे फिरकू देत नाही. तिला दिवस गेले आणि इकडे म्हशी गाभडायला लागल्या. पोटुशीची सावली पडली की होतं असं."

प्राची आत निघून गेली.

संखे आणि मी सगळ्या म्हशींचं रक्त घेतलं. काम चालू असताना काकू पायरीवर टेकल्या. एक हात कमरेवर. त्या उकाड्यात अंगात स्वेटर.

"ताप आहे का काकू?"

"येतो-जातो. संध्याकाळी चढतो, घाम फुटला की उतरतो. टायफॉइड आहे म्हणे. गोळ्या घेते, बरं वाटलं की बंद करते. परत येतो."

माझ्या मनात होतं त्या आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. ब्रुसेला नावाचा जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात वाढतो. गाभ पडतो तेव्हा वार आणि पाणी यांतून तो प्रचंड संख्येने बाहेर येतो. उघड्या हाताने वार काढणाऱ्याच्या हातावर बारीकशी जखम असली तरी त्याला पुरते. माणसात तो महिनोन्‌महिने लपून राहतो. ताप, घाम, कंबरदुखी. दिसायला टायफॉइडसारखाच. कच्च्या दुधातूनही तो येतो. दूध उकळलं की मरतो.

लॅबमध्ये पहिली टेस्ट सोपी असते. रक्तातलं पाणी वेगळं करायचं, त्याचा एक थेंब गुलाबी द्रावणाच्या थेंबात मिसळायचा आणि काचपट्टी हलवत बसायचं. आजार असेल तर दूध नासल्यासारख्या गुठळ्या दिसतात. गाभडलेल्या तिन्ही म्हशींच्या थेंबात गुठळ्या होत्या, बाकीच्यांच्या नव्हत्या. दुसऱ्या टेस्टनेही तेच सांगितलं.

मी काकूंच्या डॉक्टरांना, डॉ. परेरांना फोन केला.

"मॅडम, म्हशीचा रिपोर्ट मला कशाला सांगताय?" ते हसून म्हणाले.

"कारण तुमच्या पेशंटने तिची वार काढली आहे."

ते म्हणाले, "हे मी कधी विचारलंच नाही. उद्याच बोलावतो त्यांना."

काकूंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तो समजावायला डॉ. परेरा आणि मी दोघंही त्यांच्या घरी गेलो. या वेळी मी प्राचीला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं.

"काकू, हिला गोठ्यापासून लांब ठेवलंत हे चांगलं झालं," मी म्हटलं. "पण कारण उलटं आहे. हिच्यामुळे म्हशींना काही झालेलं नाही. म्हशींमुळे हिला झालं असतं. पोटातलं मूलही गेलं असतं कदाचित."

काकूंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. स्वतःच्या आजाराबद्दल एक शब्द न विचारता डॉ. परेरांना म्हणाल्या, "आधी हिचं रक्त तपासा. आत्ताच्या आत्ता."

प्राची म्हणाली, "आई, मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. आणि मलाच खरं वाटायला लागलं होतं, की माझ्यामुळे होतंय म्हणून." काकू उठल्या, तिच्यासाठी पाणी आणायला माठाकडे गेल्या, पण भांडं पुढे केलंच नाही. "तूच घे गं," म्हणाल्या, "माझे हात नकोत." मला सांगावं लागलं, की काकू, साबणाने धुतलेल्या हातांनी दिलेल्या पाण्यातून हा आजार होत नाही.

प्राचीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

काकूंना दोन अँटिबायोटिक्स, दीड महिना. ताप लवकरच उतरला आणि काकूंनी नेहमीप्रमाणे गोळ्या बंद करायचं ठरवलं. प्राचीचा मला फोन आला. "मॅडम, ऐकत नाहीत. तुम्ही बोला."

मी काकूंना म्हटलं, "अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात. चिवट तेवढे मागे राहतात आणि वाढतात. मग तीच गोळी घेतली तरी गुण येत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे देण्यासारखं काही उरलं नाही तर?"

"म्हणजे मी मधेच सोडते म्हणून परत परत येतो?"

"तेही एक कारण. आधीच्या गोळ्या या आजाराच्या नव्हत्याच."

त्या दिवसापासून प्राची शाळेत जाण्याआधी गोळी हातावर ठेवून समोर उभी राहायची. काकूंनी कोर्स पूर्ण केला.

म्हशींचा प्रश्न मात्र उरला. या आजारावर म्हशींना खात्रीचं औषध नाही. लस आहे, पण ती लहान पारड्यांना. आजारी म्हैस तिने बरी होत नाही. एक दिवस नितीन म्हणाला, "कामण गावचा एक गोठेवाला तिन्ही म्हशी विकत मागतोय. त्याला रिपोर्टचं काही माहीत नाही."

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "त्याच्या घरात पण सून असेल. नाही द्यायच्या."

तिन्ही म्हशी वाडीच्या टोकाला वेगळ्या बांधल्या. धार काढताना हातमोजे, दूध उकळल्याशिवाय घरात वापरायचं नाही, विकायचं तर नाहीच. त्या परत गाभण राहू द्यायच्या नाहीत. मेलेलं पारडू, वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, हे नितीनने शेजारच्या गोठ्यांनाही सांगितलं. काही जण हसले. दोघांनी स्वतःच्या म्हशींचं रक्त तपासून घेतलं.

प्राचीला मुलगी झाली. दिवस भरून, ठणठणीत. मी बघायला गेले तेव्हा बाळ काकूंच्या मांडीवर होतं आणि प्राची शेजारी निवांत झोपली होती.

आता कुठल्याही गोठ्यावर गेले की रक्त घेण्याआधी मी एक प्रश्न विचारते: घरात दोष कोणाला दिला जातोय? आजाराचं कारण कळलेलं नसतं तोवर घरातलं सगळ्यात नवं माणूस त्याचं कारण ठरतं. रिपोर्टमध्ये हे लिहायला जागा नसते. पण त्या माणसाला आधी खुर्ची देऊन बसवलं, की पुढची माहिती लवकर मिळते.