पेठेची हरवलेली दुपार

आपल्या जन्माआधीच्या कर्जतच्या पेठेत राहून आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. घाटात गाड्या ढकलणाऱ्या इंजिनांवर नोकरी करून मामांचे कान अधू झाले होते. निवृत्त झाल्यावर ते त्या एका रस्त्याच्या मागे लागले. राजे, लढाया, सनावळ्या यांत त्यांना रस नव्हता. पेठेतली माणसं दात कशाने घासत, भांडण कुणाच्या ओट्यावर मिटे, हे त्यांना हवं असे. कुणी पुराची किंवा प्लेगची गोष्ट काढली की मामा हात जोडत, "ते राहू द्या. काहीच घडलं नाही अशा दिवसाचं सांगा." असा दिवस कुणाला आठवत नसे, पण मामा तो काढून घेत. मग त्यांच्याबरोबर पेठेतून चालताना मी थक्क होई. कधीच बुजलेलं गटार ते लांब टांग टाकून ओलांडत. सायकलच्या दुकानापुढे म्हणत, "जावई, जरा कडेने. भाताच्या गाड्या वळताहेत." आणि मी, चांगला बी.ए. झालेला माणूस, अंग चोरून कडेला होई. एकदा तर त्या नसलेल्या बैलांना चुकवताना असलेल्या म्हशीवर जाऊन आपटलो.

सकाळ त्यांच्या हाती लागली होती, संध्याकाळही. दुपार मात्र सापडत नव्हती. विचारावं तो म्हातारा म्हणे, "दुपारी आमी झोपायचो." झोपलेला साक्षीदार काय कामाचा? शेवटी पेठेच्या टोकाला चणे-फुटाण्यांच्या भट्टीवर जन्म गेलेली एक आजी सापडली. दुपारी जागी असणारी तीच एक. पण तिचा मुलगा तिला त्याच संध्याकाळी कायमची कल्याणला नेणार होता. आजीचा आवाज अगदी बारीक, म्हणून मामांनी मला कान म्हणून बरोबर घेतलं. त्याआधी मामींनी वालाचं बिरडं आणि भात आग्रहाने वाढला होता, हे इथे सांगणं भाग आहे.

आजी बोलू लागली. "दुपारचं काय रं बाबा, पुरुष माणसं घोरायला लागली का आमी बाया भट्टीपाशी जमायचो..." एवढं मी ऐकलं. त्यानंतर जाग आली तेव्हा दारात टेंपो उभा होता आणि आजी आत बसली होती.

मी धावलो. "आजी, ते भट्टीपाशी जमल्यावरचं परत एकदा सांगता?"

"समदं सांगितलं की. तू मान डोलवत व्हतास," आजी म्हणाली. टेंपो गेला.

मामा उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. मी आधी काहीतरी रचायला गेलो, मग त्यांच्या कानाशी ओरडून खरं सांगितलं. अख्ख्या पेठेने ते ऐकलं. मामा म्हणाले, "त्या सांगता सांगता पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पाहिलंय. म्हणजे दुपारी पेठेत बायका हसत होत्या. कशाला, ते तेवढं राहिलं."

त्यानंतर भेट झाली की मामा विचारत, "कशाला हसत असतील हो?" मी दर वेळी एक नवा विनोद रचून ओरडे. मामा तो गंभीरपणे तपासत. "छे, हा सकाळचा आहे." "हा दिवेलागणीनंतरचा. बायका हा उन्हात सांगणार नाहीत." माझे कितीतरी उत्तम विनोद असे वेळ चुकल्यामुळे बाद झाले. पण त्यांनी नाही म्हटल्यावर मलाही तो खरोखरच सकाळचा वाटू लागे.

शेवटच्या आजारात त्यांना ऐकू येणं पार थांबलं होतं. मी उशाशी बसून सवयीने काहीतरी बोललो. मामांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि पांघरुणाचं टोक तोंडाशी धरून हसू लागले.

"हा दुपारचा," म्हणाले.

मी काय बोललो होतो, ते मला काही केल्या आठवत नाही.