आगामी खलनायक आणि मामांची मिशी

कोल्हापुरात पुढच्या महिन्यात काय घडणार आहे, हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस मी पाहिला. ते घडणार असे ते कोल्हापुरात नव्हे, तर दिल्लीला छापल्या जाणाऱ्या पातळ, रंगीत, हिंदी कॉमिक्सच्या पानांत. एवढा तपशील वगळला तर त्यांच्या अधिकाराबद्दल शंका घेण्यासारखे काही नव्हते. हे गृहस्थ माझ्या वहिनीचे मामा. आधी ते आमच्या घराचे मामा होते, मग गल्लीचे झाले आणि नव्वदच्या दशकात त्या कॉमिक्सची चलती असताना तालमीच्या कट्ट्यापासून एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांचेच मामा झाले.

मामा पैलवान होते. यातले ‘होते’ त्यांना मान्य नव्हते. कान कुस्तीत मोडलेले, मान खांद्यात बसलेली, आवाज रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा आणि मिशी अशी की तिच्या दोन्ही टोकांवर लिंबू राहील, असे लोक म्हणत. प्रत्यक्षात कुणी ठेवून पाहिले नव्हते. तशी विनंती करण्याची कुणाची छाती झाली नाही. अशा देहाचा माणूस सकाळी तालमीतून निघून, अंगाची तांबडी माती धुऊन, थेट स्टँडवरच्या पेपर स्टॉलवर जाई आणि नव्या कॉमिक्सचा गठ्ठा सुटेपर्यंत लग्नघरातल्या वरबापासारखा अस्वस्थ उभा राही. गठ्ठा सुटला की पहिले पुस्तक ते शेवटच्या पानावर उघडत. तिथे आगामी अंकाची जाहिरात असे. आतली गोष्ट वाचायला त्यांना फारशी घाई नसे, पुष्कळदा ती राहूनही जाई. मी एकदा कारण विचारले. ‘‘झालेल्या कुस्तीत काय बघायचं रं?’’ ते म्हणाले. ‘‘बघायची ती ठरलेली जोड!’’

ठरलेल्या जोडीचा अभ्यास मग महिनाभर चाले. जाहिरातीत एखादे चित्र आणि दोन ओळी असत. तेवढ्यावरून मामा नव्या खलनायकाची मान, मांडी आणि पोटऱ्या बघून त्याचे भवितव्य सांगत. महाकपाल नावाचा एक कवटीधारी दुष्ट होता. तो जग जाळायला निघे, पण मामांना त्याची काळजी वाटे. ‘‘मानच न्हाई गड्याला. नुसतं डोस्कं खांद्यावर ठेवलंय. ढाक म्हंजे मानंचा डाव, त्याला टिकायचा न्हाई.’’ डॉक्टर दीमक हा शहरे पोखरून टाकणारा शास्त्रज्ञ त्यांच्या मते बुद्धीने चांगला होता, पण दुधाला कमी पडला होता. अष्टबाहूबद्दल मात्र त्यांचा तात्त्विक आक्षेप होता. दोन हातांनी पाय ओढून पट काढून सहा हात मोकळे ठेवणाऱ्या गड्याला पंचांनी मैदानात उतरूच कसे दिले, हा प्रश्न ते पंच असल्यासारखे सर्वांना विचारत. दोन वेगळ्या मालिकांतली पात्रे एका विशेषांकात येणार असली की मामांच्या चेहऱ्यावर तेज चढे. त्यांच्या लेखी ती दोन तालमींची जोड होती. पण एकदा असे दोन नायक आमनेसामने आले, अर्धा अंक त्यांनी एकमेकांना बुकलून काढले आणि शेवटी गळ्यात गळे घालून निघून गेले. मामांनी तो अंक स्टॉलवर आपटला. ‘‘बरोबरीत सोडवली! भर मैदानात बरोबरीत सोडवली! लाज न्हाई वाटत?’’ स्टॉलवाल्याचा या निकालाशी काही संबंध नव्हता, तरी त्याने मान खाली घातली.

मी त्या काळी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. एका दुपारी मामा कार्यालयात आले आणि आगामी विशेषांकाची माहिती कुस्तीच्या पानावर छापा म्हणाले. मी त्यांना समजावले, की बातमीत आधी काहीतरी घडलेले लागते.

‘‘आसं व्हय?’’ मामा शांतपणे म्हणाले. ‘‘मग राशिभविष्य छापतासा ते? ते कवा घडलेलं असतंय?’’

शेजारच्या टेबलावर राशिभविष्य लिहिणारे आमचे सहकारीच बसले होते. ते पाणी प्यायला उठून गेले. मामांनी माझ्यासमोरचा चहा पिऊन टाकला आणि जाताना दारातून ऐकवले, ‘‘तुमच्या पेपरापरीस आमचा फळा बरा.’’

तो फळा तालमीच्या दाराशी होता. मैदानांच्या जोडी त्यावर खडूने लिहायच्या, कोण कुणाशी लढणार आणि कुठे, अशी रीत. मामांनी त्याच फळ्यावर, त्याच वळणदार अक्षरात, आगामी अंकांच्या जोडी लिहायला सुरुवात केली. एका महिन्यात त्यांनी लिहिले: ‘महाकपाल विरुद्ध वज्रकेतू. निकाली कुस्ती. येत्या रविवारी, स्टँडवर.’ वज्रकेतू हा त्या अंकाचा नायक, रविवार हा अंक येण्याचा दिवस होता आणि स्टँडवर तो मिळणार होता. एका अक्षराचीही चूक नव्हती. शाहूवाडीकडून बाजाराला आलेल्या कुणीतरी तो फळा वाचला आणि गावात सांगितला. रविवारी सकाळच्या एसटीतून पाच-सहा फेटेवाले उतरले आणि मैदान कुठे आहे, म्हणून विचारू लागले.

मामा त्यांना स्टॉलपाशी घेऊन आले. त्यांतल्या वयस्क गृहस्थांनी आधी माहिती घेतली, ‘‘पावणं, ह्यो महाकपाल कुठल्या तालमीचा म्हणायचा?’’

‘‘तालीम न्हाई त्याला. गुहेत असतोय,’’ मामा म्हणाले.

‘‘मग खुराक?’’

‘‘त्योच तर घोळ हाय की!’’

असे म्हणून मामांनी अंक उघडला आणि अख्खी लढत त्यांना मोठ्याने सांगितली. हवेत उडणे, डोळ्यांतून आग काढणे हे गाळून त्यांनी सगळे डाव मातीवर आणले. वज्रकेतूने घिस्सा मारला, महाकपालाने तो उलटवला, गुडघा मानेवर ठेवला, आणि शेवटी मातीला पाठ लागली ती महाकपालाचीच. स्टँडवर गर्दी जमली. दोन गाड्यांच्या वाहकांनी घंटी द्यायची थांबवली. शाहूवाडीकर समाधानाने उठले. ‘‘निकाली झाली न्हवं? मग झालं. पुढची जोड कवा?’’ एवढेच त्यांनी विचारले. मामांना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. महाकपाल पडला होता.

कारण मामा कायम खलनायकाच्या बाजूने असत. गल्लीला याचे हसू येई. मलाही येई, पण एका मैदानात जुने वस्ताद भेटले आणि त्यांनी जे सांगितले त्याने ते ओसरले. मामा आयुष्यात एकही मोठी कुस्ती जिंकले नव्हते. ते वाईट पैलवान होते असे नाही. उलट दमदार होते, म्हणूनच आयोजक त्यांना बोलावत. एखाद्या तालमीचे पोर नावारूपाला आणायचे असले की त्याच्यासमोर मामांना उभे करत. धिप्पाड, मिशीवाला, दिसायला भीतिदायक गडी पाडला, की पोराचे नाव चार तालुक्यांत होई. मामा पडत, उठत, माती झटकत आणि पुढच्या मैदानाला पुन्हा लंगोट कसून हजर राहत. पत्रकावर त्यांचे नाव कायम ‘विरुद्ध’च्या नंतर असे. हे कळल्यावर त्यांचे एक जुने वाक्य मला नीट ऐकू आले: ‘‘हिरोचं काय कौतिक? त्याचं जिकायचं ठरल्यालंच असतंय. ह्यो बघ, दर महिन्याला पडतोय, आन् दर महिन्याला येतोय. खरा गडी ह्यो!’’

स्टॉलवाल्याला सगळे अप्पा म्हणत. तो सीमेपलीकडच्या गावातला, बोलण्यात अर्धी कन्नड. मामा दिसले की ‘‘बर्री मामा, बर्री’’ म्हणजे ‘या, या’ म्हणत बसायला खोके पुढे सरकवी. त्याचा वरचा ओठ गुळगुळीत. मिशीवाल्या माणसाकडून लोक विकत काही घेत नाहीत, असे त्याचे व्यापारी मत होते, आणि ते तो मामांच्या तोंडावर सांगे. दोघांचे रोज भांडण होई आणि ज्या दिवशी होत नसे त्या दिवशी दोघेही चुकल्यासारखे वागत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका अंकाच्या शेवटच्या पानावर ती जाहिरात आली. सगळे खलनायक एकत्र! महाकपाल, डॉक्टर दीमक, अष्टबाहू आणि आणखी कोण कोण, खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्यांच्या पायाशी सगळे नायक उताणे. वर नाव: ‘खल-महासंग्राम’. खाली दोन शब्द: ‘शीघ्र आ रहा है’. मामांनी ते पान इतका वेळ पाहिले, की अप्पाने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतले.

‘‘पाठी बघ, अप्पा,’’ मामा म्हणाले. ‘‘सगळ्या हिरोंच्या पाठी मातीला लागल्यात. चितपट! औंदा आमची मंडळी जिकत्यात.’’

‘‘खुळं का काय ओ मामा? हे नुसतं चित्र. आत हिरोच जिंकणार. हिरो हरला तर पुढचा अंक कोण घेईल?’’

‘‘मी घीन की!’’

‘‘तुम्ही एकटे घ्याल. मी काय तुमच्या जिवावर दुकान चालवू?’’

मग मामांनी मिशीला हात घातला आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात पैज लावली. खलनायक हरले तर ही मिशी तिथेच, स्टॉलसमोर, उतरवायची. आणि जिंकले तर अप्पाने अशीच मिशी राखायची, जन्मभर. अप्पाने आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवले आणि हात पुढे केला. फळ्यावर जोड लागली. मिशीची बातमी शहरभर झाली. एका न्हाव्याने तर आपला वस्तरा धार लावून ठेवला असल्याचे मामांना आदराने कळवले.

अंक आला नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मामा रोज विचारत, अप्पा रोज ‘‘इल्ला’’ म्हणून मान हलवी. मग दुसरेही अंक येईनासे झाले. पोरे टीव्हीसमोर बसली होती. प्रकाशन बंद पडल्याची कुणकुण आमच्या कार्यालयापर्यंत आली, ती मी मामांच्या कानावर घातली. ‘‘दम खात आसतील,’’ ते म्हणाले. फळ्यावरची जोड त्यांनी पुसली नाही. पावसाने अक्षरे गेली की पुन्हा लिहीत. लोक आता गमतीने विचारीत, ‘‘काय मामा, मिशी कवा?’’ पूर्वी या प्रश्नावर मामा अंगावर धावून गेले असते. आता नुसते मिशीवरून हात फिरवत. हरले असते तर मिशी गेली असती, ते सोपे होते. ही कुस्ती मात्र बरोबरीतही सुटली नव्हती. गडी मैदानात आलेच नव्हते. पुढे अप्पानेही स्टॉल दुसऱ्याला दिला आणि तो गावी गेला. निघण्याच्या दिवशी दोघे भांडले नाहीत, एवढे मला आठवते.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही घरची मंडळी नृसिंहवाडीला गेलो होतो. मामा सोबत होते. मिशी पांढरी झाली होती, पण टोके वरच. दर्शन घेऊन पेढ्यांच्या दुकानांच्या ओळीतून येताना कुणीतरी हाक मारली, ‘‘बर्री मामा, बर्री!’’ आपल्या भाच्याच्या दुकानात गल्ल्यावर अप्पा बसला होता. त्याच्या वरच्या ओठावर मिशी होती. जाड, पिळलेली, दोन्ही टोके आभाळाकडे. त्या बारीक चेहऱ्याला ती मुळीच शोभत नव्हती.

मामा थांबले.

‘‘आला?’’ त्यांनी विचारले.

‘‘आला ओ. आमच्या गावाकडं एक प्रत आलती.’’

‘‘मग?’’

‘‘तुमची मंडळी जिंकली.’’

‘‘निकाली?’’

‘‘चितपट, मामा. सगळे हिरो आडवे.’’

‘‘महाकपालानं कुठला डाव टाकला?’’

अप्पा अडखळला. कुस्तीतले त्याला कधीच काही कळत नव्हते. ‘‘ते... मानेवरचा काहीतरी.’’

‘‘ढाक,’’ मामा म्हणाले.

‘‘हां. तोच.’’

मामांनी पेढे घेतले. अप्पाने पैसे घेण्यास नकार दिला, त्यावर दोघांचे मोठे भांडण झाले आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना थांबावे लागले. परतीच्या वाटेवर मला राहवले नाही. तीस वर्षे वृत्तपत्रात काढलेल्या माणसाची ती खोड असते. मी म्हणालो, ‘‘मामा, ते प्रकाशन कधीच बंद पडले. तो अंक निघालाच नाही.’’

‘‘मला ठावं न्हाई व्हय?’’ मामा खिडकीबाहेर उसाकडे बघत म्हणाले. ‘‘आन् मान नसलेला गडी कुठनं ढाक टाकतोय?’’ मग माझ्याकडे वळून: ‘‘तूच म्हनायचास न्हवं, बातमीत घडलेलं लागतंय? मिशी घडली की.’’

दुसऱ्या दिवशी तालमीच्या फळ्यावर निकाल लागला. निकाल लिहिण्याची त्या फळ्यावर रीत नव्हती, फक्त जोडी लिहीत. मामांनी लिहिले: ‘खलनायक मंडळी विजयी. निकाली.’ त्यांच्या बाजूचे नाव पहिल्यांदाच ‘विरुद्ध’शिवाय एकटे उभे होते. त्यानंतर त्यांनी फळ्यावर कोणतीही आगामी जोड लिहिली नाही. मी कारण विचारले, तेव्हा ते माती चाळत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘जिकल्याव गड्यानं मैदानात लई येळ थांबू नये.’’