कापड उतरेपर्यंत

कोणी किल्ली फेकली, कांदा फेकला, तर मावशी तो डाव्या हाताने झेलायची आणि उजवा हात पाठीमागे घ्यायची. तरुणपणी सॉफ्टबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलायची, त्या कॅचरची जुनी खोड.

टाचण्या ओठांत धरून बोलायची, तरी शब्द न् शब्द कळायचा.

नवा माणूस भेटला की आधी त्याची पावलं बघायची, मग तोंड.

चहा उभ्यानेच प्यायची. “बसले तर उठताना माझे गुडघे अख्ख्या गल्लीला खबर देतात,” म्हणायची.

काम चांगलं झालं तर ‘बरं’ म्हणायची. फार चांगलं झालं तर काहीच म्हणायची नाही.

आणि पडद्याची खालची पट्टी ती कधीही लगेच शिवायची नाही. पडदा आधी दुकानातल्या दांडीवर टांगून ठेवायचा. स्वतःच्या वजनाने कापड खाली उतरतं. ते उतरायचं थांबलं की मग माप घ्यायचं, मग पट्टी. गिऱ्हाइकं वैतागायची. “मावशी, पडदा शिवताय की लोणचं मुरवताय?” मावशी म्हणायची, “घाई असेल तर वर्तमानपत्र लावा खिडकीला.”

दुकान पडद्यांचं आणि सोफ्याच्या खोळींचं. पुढे शिलाई मशीन, कापडाचे तागे, मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, कातरकामाचं टेबल. मागचं दार उघडलं की दुकानाची भिंत आणि शेजारचं गोदाम यांच्यामधला लांबट बोळ. त्या बोळात मावशी पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुली, घडवायची.

काडी पहिल्यांदा त्या बोळात आली तेव्हा खरोखर काडीच होती. मनगट एवढंसं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खांद्यातून हात पूर्ण गोल फिरवून, खालून टाकायचा असतो. काडी तो टाकत नसे, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा ठेवत असे. जायचा बरोबर जागी, पण बॅटवाल्या मुली त्याला कुठच्या कुठे भिरकावून द्यायच्या.

मावशीने दांडीवर एक कोरी चादर टांगली. “टाक.”

“कुठे?”

“कुठेही. जोरात टाक.”

“नेम?”

“नेम मी कपाटात ठेवलाय कुलूप लावून. मागशील तेव्हा देईन.”

मग काय, काडीचे चेंडू गोदामाच्या पत्र्यावर, नळावर, एकदा तर काकांच्या स्कूटरच्या आरशावर. काका बाहेर येऊन म्हणाले, “लोकांची दुकानं बुडतात उधारीने. आमचं फुटून जाणार.” मावशी उलट्या बादलीवर बसून म्हणाली, “हात फिरताना गालाला वारा लागला का गं? लागला? बरं.”

वेग असा आला. मग चिंध्या भरलेले मोज्यांचे गोळे दिले. हात फिरवायचा नाही, नुसतं मांडीपाशी मनगट झटकायचं, ओलं फडकं झटकतो तसं. मग शिंप्याच्या खडूने जमिनीवर एक रेघ. पुढचं पाऊल त्या रेघेवर पडलं पाहिजे. “चेंडू हातातून सुटतो,” मावशी सांगायची, “पण वाट त्याला पाय दाखवतो.” काडी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्याही मनगट झटकायची. आई म्हणायची, “काय डास मारतेस का?”

वेग आला तसा नेम गेला. सामन्यात चेंडू चारी दिशांना जायला लागले. पिचरचे चार चेंडू चुकीचे पडले की समोरची मुलगी काही न करता, चालत पहिल्या टप्प्यावर जाते. काडीच्या कृपेने समोरच्या संघाची रोज पायी सहल व्हायची. शेवटी संघाच्या सरांनी तिला बाजूला घेतलं. “बघ पोरी, पुढचा सामना तुझ्यावर सोडतो. तोही असाच गेला तर तू लांब मैदानात उभी राहायचं. पिचर दुसरी.”

काडी रडत बोळात आली. तिला दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

मावशीने टाचण्या तोंडातून काढल्या. जुनी चादर तोपर्यंत फाटून चाळणी झाली होती. तिने ताग्यातलं सोफ्याचं जाडं, ढिल्या विणीचं कापड ओढलं. काडीच्या वयाची मुलगी बॅट घेऊन उभी राहिली, तर गुडघ्यापासून काखेपर्यंत जेवढी जागा, तेवढ्याच जागेतून चेंडू गेला पाहिजे. त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना तिने चार खिसे शिवले. कापड वाऱ्याने हलू नये म्हणून पडद्याला लावतात तशी शिशाची वजनं खाली घातली. त्याच संध्याकाळी टांगलं.

“आता कपाट उघडलं,” ती म्हणाली. “वर डावा.”

रोज तेच. वर डावा, खाली उजवा, खाली डावा. आधी कापड सपासप वाजायचं. मग हळूहळू आवाज बदलला. खिशात चेंडू गेला की ‘धप्’ असा बंद आवाज यायचा. काका आतून कातरकाम करता करता मोजायला लागले, मग मोजायचं सोडून दिलं. खालचे दोन खिसे तर काडीचे लाडके. तिथे टाकलेला चेंडू कोणालाच नीट मारता येत नाही.

सामन्याच्या दिवशी काडीने पहिला चेंडू टाकला. खाली डावा, तिच्या हिशेबाने अगदी खिशात. पंच म्हणाले, “बॉल.” म्हणजे चूक. दुसरा, खाली उजवा. “बॉल.” तिसरा. चौथा. मुलगी चालत गेली. पुढचीही गेली.

सरांनी दुसऱ्या मुलीला हात मोकळे करायला सांगितलं.

मावशी जाळीबाहेर उभी होती. गळ्यात टेप होती, काढायची राहिलेली. ती काडीकडे बघतच नव्हती. बॅटवाल्या मुलीच्या नडगीकडे बघत होती. चेंडू पुन्हा तिथूनच गेला. तेवढाच खाली. मावशीने कपाळावर हात मारला.

“सर! अहो सर! मला आत सोडा.”

“मावशी, नियम आहे. बाहेरच्या माणसाला नाही येता येत.”

“मग तुम्ही जा. तिला सांगा, कापड उतरलंय.”

“काय उतरलंय?”

“कापड! चार बोटं. सांगा तर खरं, कळतं तिला.”

सरांनी खेळ थांबवला. ते काडीला काढायलाच निघाले होते. मधे उभं राहून त्यांनी कान खाजवला. “ती तुझी मावशी म्हणते, कापड उतरलंय. चार बोटं. म्हणजे काय ते तुलाच ठाऊक.”

काडीने स्वतःच्या चार बोटांकडे पाहिलं. मग तिला खुदकन हसू आलं. ढिली वीण, खाली शिसं, वरून रोजचा मार. कापड रोज थोडं थोडं खाली येत होतं. खिसेही येत होते. त्यांच्यामागे तिचे चेंडूही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना थांबवणारी बाई तिच्यासाठी थांबली नव्हती.

“सर, आणखी एका मुलीला टाकू द्या,” ती म्हणाली. “मग काढा.”

सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय शांत होते. ते परत गेले.

काडीने मनातला खिसा उसवला, चार बोटं वर नेऊन शिवला आणि चेंडू टाकला. गुडघ्याच्या उंचीवर, कडेने. “स्ट्राइक.” म्हणजे बरोबर. पुन्हा तिथेच. पुन्हा. तीन स्ट्राइक, मुलगी बाद. बॅट खांद्यावर तशीच घेऊन परत गेली. तिच्या मागचीही गेली.

आधी चालत गेलेल्या मुलींनी घात केला होताच. सामना एका धावेने गेला. पण पिचर काडीच राहिली. त्या वर्षी, आणि पुढे मोठ्या संघातही.

संध्याकाळी दुकानात काकांनी विचारलं, “कशी टाकली आपल्या पोरीने?”

मावशी सुईत दोरा ओवत होती. तिने उत्तर दिलं नाही.

काका काडीकडे वळले. “ऐकलंस? गप्प आहे! माझ्या चहाला आजवर ‘बरं’च्या वर काही मिळालं नाही.”

मात्र नंतर कोणी गिऱ्हाईक आलं आणि विषय निघाला, की मावशी मान ताठ करून सांगायची, “ज्याला नेम नाही त्याची चूक रोज नवी असते. आमच्या काडीची एकच होती. आणि तीसुद्धा माझी.”

परवा काडी त्या बोळात गेली. दुकानात माणसं बसली होती, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मावशी सकाळी मशीनवरून पाणी प्यायला उठली ती पडलीच, आणि गेली. काकांनी मागचं दार उघडून दिलं. “आत नको बसूस. इकडे बघ जा.”

दांडीवर नवं कापड टांगलेलं होतं. खाली शिसं घातलेलं. एका छोट्या मुलीसाठी होतं, काका म्हणाले. नुकतीच यायला लागली होती. फार घाबरून टाकते. तिला मावशीने सांगितलं होतं, थांब, कापड उतरू दे.

काडीने काकांच्या गळ्यातली टेप घेतली. कापड मापलं. भिंतीवर मावशीने खडूने केलेल्या खुणा पाहिल्या, एकाखाली एक, रोजची एक. खालच्या दोन खुणा एकाच जागी होत्या. कापड उतरायचं थांबलं होतं.

चार खिसे मशीनवर एकावर एक ठेवलेले होते. कडा दुमडलेल्या, टाचण्या लावलेल्या. शिवायचे राहिले होते.