सात वाटे, सहा वाजेपर्यंत

नागोरावांनी माझं गॅरेज भाड्याने मागितलं तेव्हा मी विचारलं, आत काय ठेवणार. ते म्हणाले, "नाणी काढायची यंत्रं." मी म्हटलं, "टांकसाळ घालायला सरकारची परवानगी लागते म्हणे." ते हसले नाहीत. वाशीमकडचा माणूस, आमचं पुणेरी बोलणं अंगाला लावून घेत नाही. मला मात्र आवडले. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं आणि विजेचा मीटर स्वतःहून वेगळा घेतला.

मी कुसुम. वय अडुसष्ट, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त. पेठेतली दोन खोल्यांची जागा विकून आम्ही धायरीला घर बांधलं तेव्हा इथे शेतं होती. आता मिस्टर नाहीत, शेतं नाहीत, मी आहे. आणि माझी भिशी आहे. एकतीस वर्षं चालवते. बारा बायका, दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी चार वाजता, माझ्या हॉलमध्ये. आजवर एकदाही बुडलेली नाही, हे मी चारचौघांत सांगते आणि सांगणारच.

नागोराव आयटीआय करून पुण्यात आले ते भोसरीला एका कारखान्यात लागले. अकरा वर्षं कॉट बेसिसवर काढली. बायको श्रद्धा आणि मुलगी तिकडे गावी, कारण यांच्या आईला अर्धांग झालेलं आणि तिला कोणीतरी बघायला हवं. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला. हातात आलेल्या पैशांत इतर लोक रिक्षा घेत होते, यांनी जुनी ग्राफिक्स कार्डं घेतली. मुलं खेळ खेळायला संगणकात घालतात ती. अशी बारा कार्डं एका लोखंडी घोड्यावर टांगायची, ती दिवसभर कसलीशी गणितं सोडवतात आणि त्याबद्दल आभासी नाणी मिळतात. सुरुवातीला एका मोठ्या नाण्यावर बरं चाललं होतं. बावीस साली त्या नाण्याने ही गणिताची पद्धतच बंद केली. कितीतरी लोकांनी कार्डं भंगाराच्या भावात काढली. नागोरावांनी वही काढली.

ती वही मी पाहिलेली आहे. नाण्याचा भाव, दिवसाला किती मिळणार, त्याला वीज किती खाणार, एवढं सगळेच लिहितात. नागोरावांचा चौथा रकाना होता: आज मिळालेलं आज विकता येतं का, आणि किती ठिकाणी. "भाव कितीबी असू द्या काकू, घेणाराच नसला तर काय करता." मला हे पटलं. नव्या नाण्याचा भाव चढला की सगळे तिकडे धावतात, मग वाटा लहान होतो. म्हणून हे गर्दी व्हायच्या आत जायचे आणि गर्दी झाली की निघायचे. शहाणा माणूस होता. म्हणूनच मला त्यांचा राग येतो.

कारण नाणं निवडताना इतका विचार करणाऱ्या माणसाने पूल निवडताना माती खाल्ली. पूल म्हणजे काय, तर एकट्याच्या यंत्रांना नाणं लागायला कदाचित वर्ष जाईल, म्हणून जगभरचे हजारो लोक मिळून गणितं सोडवतात आणि लागेल ते वाटून घेतात. मी म्हटलं, "म्हणजे भिशी." ते म्हणाले, "भिशी नाही हो." मी म्हटलं, "भिशीच." मग मी त्यांना माझे नियम सांगितले. चालवणाऱ्याचं नाव-गाव माहीत हवं. तो आपलं कमिशन उघड घेत असला पाहिजे. आणि कोणाचेही पैसे एक दिवससुद्धा उशिरा जाता कामा नयेत.

यातला मधला नियम त्यांनी मोडला. जुना पूल शेकडा एक रुपया कापायचा. नवा निघाला, तो काहीच कापत नव्हता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. नागोरावांबरोबर कारखान्यातले सहा जुने सोबती होते, त्यांचीही यंत्रं होती, पण ते पासवर्ड-बिसवर्ड कोणाला कळत नव्हतं. तूच बघ, म्हणाले. म्हणून सातही जणांचं एकच खातं, नागोरावांच्या हातात. त्या सहांपैकी कचरू नावाचा एक होता, मांजरी गावात एका सोसायटीत वॉचमन. तेवढ्या एकानेच विचारलं होतं, "फुकट कोण चालवतंय रे?" यांनी त्याला गप्प केलं.

आता त्या रविवारचं सांगते. मे महिन्याचा तिसरा. माझी गच्चीवरची खोली रिकामी होती, खोली आणि स्वयंपाकघर. नागोरावांची आई वर्षापूर्वी गेली. आता श्रद्धा आणि मुलगी जूनला पुण्यात यायच्या होत्या, मुलीचं सातवीचं नाव इथल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. पंधरा वर्षं संसार फोनवर केलेला माणूस. मी खोली एकतीस तारखेपर्यंत त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, पन्नास हजार डिपॉझिट. ओळखीत सूट देत नाही, ओळख तरी टिकते. पूलमध्ये सात महिन्यांचा त्यांचा वाटा साठला होता, त्यातून ते डिपॉझिट निघणार होतं.

सव्वाबाराला ते वर आले. चपला न काढता. मी बोलणार होते, पण त्यांचं तोंड बघितलं आणि खुर्ची पुढे केली.

"पूल सहा वाजता बंद होणार आहे. देखभालीसाठी, म्हणतात."

"मग उद्या उघडेल."

"नाही उघडणार काकू. चार दिवस झाले, पैसे उशिरा देऊन राहिले. सकाळी लोक विचारायला लागले तर गप्पांचा ग्रुपच बंद करून टाकला."

लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. गेल्या आठवड्यात पूलने नवा नियम काढला होता: एका खात्यातून तासाला एकदाच पैसे काढायचे, आणि तेही ठरावीकच. ती रक्कम साधारण एका माणसाच्या वाट्याएवढी होत होती. बारा वाजता एक वाटा निघाला होता. आता एक, दोन, तीन, चार, पाच. पाच खेपा आणि राहिलेले वाटे सहा. हिशेब मला कागदाशिवाय झाला.

"बाराला कोणाचा काढलात?"

"झाला एक," ते म्हणाले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

एकचा गेला. पाठवला म्हणून दिसतं, पण समोरच्याला पोचायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून होतो. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी ताक केलं. त्यांनी घेतलं नाही. दोनचाही गेला.

मग मी म्हटलं, "हे बघा, एक वाटा अडकणार हे नक्की. तर तूट सातांवर सारखी वाटा. सगळ्यांना फोन करून सांगा, प्रत्येकाला थोडं थोडं कमी मिळेल. भिशीत तसंच करतात."

"नाही. पूल मी निवडला. त्यांच्या ताटातलं काऊन काढू?"

"मग तुमचा राहू द्या."

त्यांनी कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला. मग म्हणाले, "माझा बारालाच काढला."

मला संताप आला. एवढा की मी उठून खिडकीपाशी गेले. "आणि राहणार कोण?"

"कचरू."

"का?"

"तो बोलणार नाही." आणि मग खाली मान घालून, "तुम्हीच एकदा सांगितलं होतं काकू. पहिली भिशी चालवणाऱ्याची. सगळ्यांची कटकट तो सोसतो, म्हणून."

सांगितलं होतं. खरं आहे ते. एकतीस वर्षं दर वेळी पहिली भिशी मीच उचलते. बाकीच्या कोणी कधी उचलायची ते आमच्यात चिठ्ठ्या टाकून नाही, बोलून ठरतं; कोणाच्या घरी लग्न, कोणाला फ्रीज. आणि दर वेळी शेवटची राहते ती सुंदराबाई. माझ्याकडे धुणंभांडी करते ती. ती कधीच काही मागत नाही, म्हणून शेवटी राहते. त्या दुपारपर्यंत मला हे कधी सुचलंही नव्हतं.

तीनचा गेला आणि दहा मिनिटांनी वीज गेली. खाली गॅरेजमधले पंखे थांबल्याचं वरपर्यंत कळलं. लॅपटॉपची बॅटरी जुनी, अकरा टक्के. माझा इन्व्हर्टर फक्त हॉलमध्ये आहे, टीव्ही आणि एक पंखा चालतो. मी टीव्हीची पिन काढली, त्यांना तिथे बसवलं. इंटरनेट त्यांच्या मोबाइलवरून. आणि चारला बायका आल्या. बारा बायकांच्या मधोमध सोफ्याच्या टोकावर नागोराव, मांडीवर लॅपटॉप. एकीने विचारलं, "हे आपल्या भिशीत आले का?" मी म्हटलं, "नाही, हे त्यांच्या भिशीत आहेत. आपण हळू बोलू."

चारचा गेला नाही. 'पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी केला. परत तेच. चार वाजून दहा, वीस. ते दर मिनिटाला बटण दाबत होते. चारचा जितका लांबेल तितका पाचचा लांबणार, आणि सहाला दार बंद. मग एक नाही, दोन माणसं बुडाली असती.

त्या महिन्यापासून आमची नवी भिशी सुरू होत होती. बायकांनी पाकिटं माझ्यापुढे ठेवली. मी ती एकावर एक रचली, उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या सुंदराबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"यंदा पहिली तुझी. माझी शेवटी."

ती म्हणाली, "माझं काय काम अडलंय बाई आत्ता?"

"अडलं नाही म्हणूनच सांगते. धर."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी काही विचारलं नाही, माझा स्वभाव माहीत आहे त्यांना. नागोरावांनी मात्र वर बघितलं. सुंदराबाईकडे, पाकिटांकडे, मग माझ्याकडे. आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

चार वाजून अडतीस मिनिटांनी तो गेला. म्हणजे पुढचा पाच अडतीसला. बायका चहा पिऊन गेल्या. पाचपासून आम्ही दोघंच. माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं, गोळी मी विसरले होते, आणि तरी जागची हलत नव्हते. परका माणूस, परके पैसे, मला काय करायचंय, असं मनाशी म्हणत होते आणि घड्याळ बघत होते. पाच अडतीसला त्यांनी बटण दाबलं. चाक फिरत राहिलं. मग हिरवी खूण आली. सहा वाजता पान पांढरं झालं. आजतागायत ते उघडलेलं नाही.

सहा माणसांचे वाटे निघाले, कचरूचा राहिला. नागोरावांनी लॅपटॉप मिटला. मग मोबाइलवर आपलं खातं उघडलं, आकडा घातला, चष्मा वर करून दोनदा तपासला आणि दाबलं. मग फोन लावला.

"कचरू, तुझं आलं बघ. पोचलं का ते पाहून सांग मले." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझं? माझंबी होईल. तू पाह्य आधी."

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, तीच परत धुतली. बाहेर त्यांनी दुसरा फोन लावला. भिंतीला कान लावायची गरज नव्हती.

"श्रद्धा, जूनमधी नोको येऊ. नाही, तब्येत बरी हाय माही. पैशाचं जमलं नाही. हो, माहंच चुकलं. शाळेचा दाखला काढला असन तर परत दे तिथंच. दिवाळीले पाहू. पोरीले मी सांगतो, दे तिले फोन." मुलगी फोनवर आलीच नसावी. "बरं, राहू दे," ते म्हणाले.

मी बाहेर आले तर ते लॅपटॉप पिशवीत घालत होते. डोळे लाल होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"काकू, गच्चीवरची खोली देऊन टाका दुसऱ्या कोणाला. माझ्यासाठी अडवून ठेवू नका. तीन जण विचारून गेले म्हणाला होतात."

"चौघे."

"हो. मग देऊन टाका."

"नागोराव, बसा. परत फोन लावा घरी. दाखला शाळेला परत द्यायचा नाही म्हणावं."

"काकू, डिपॉझिट नाही ना माझ्याकडे."

"ऐकलं मी. बहिरी नाही. माझ्या खोलीचं डिपॉझिट कधी घ्यायचं ते मी ठरवणार."

"कधी द्यायचं मग?"

"खोली सोडून जाताना द्या," मी म्हटलं.