शून्य कॉलची लाइन

माझी आत्या टेलिफोन ऑपरेटर आहे. बावीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच खुर्चीत, आणि त्या खुर्चीचा डावा हात जवळपास तेवढीच वर्षं मोडका. कंपनी शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करते. कुणाचं यंत्र बंद पडलं की तो पहिली बोंब मारतो ती आत्याच्या कानात. आत्या ती वहीत उतरवते: वेळ, गिऱ्हाईक, यंत्र, आणि शेवटच्या रकान्यात माणसाचा सूर. ‘चिडले.’ ‘रडकुंडीला आले.’ ‘फार गोड बोलले, ताबडतोब जा.’ मेकॅनिक आधी तो रकाना वाचतात, मग पाना-पक्कड उचलतात.

मंदी आली आणि तिच्या मागोमाग खर्च कमी करणारे नवे साहेब आले. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव कात्री ठेवलं. चहा अर्ध्या कपावर आला, जिन्यातले दिवे गेले, आणि मग कात्रीसाहेब फोनच्या बिलांचा गठ्ठा घेऊन आत्यासमोर बसले. बोलताना ते प्रत्येक वाक्य असं हळुवार सोडतात, जणू समोरचा आजारी आहे.

“मॅडम, बेसिकली, आपल्याला आठ लाइन कशाला? ही सहा नंबरची बघा ना. वर्षभरात एक कॉल नाही. शून्य! नुसतं भाडं खातेय.”

“अहो साहेब, बिलात आपण केलेले कॉल येतात, आलेले नाही येत. सहा नंबरवर फक्त तक्रारी येतात. प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर तोच नंबर कोरलाय.”

“मॅडम, बेसिकली, आकड्यांना भावना नसतात.”

“आणि वर हसले!” आत्या घरी येऊन पातेलं आपटत म्हणाली. “मी काय त्यांना चुटका सांगत होते?”

आठाच्या तीन लाइन उरल्या; सहा नंबर सगळ्यांत आधी गेली. तिघींना ऑपरेटर हवीच कशाला? दोन महिन्यांनंतर आत्याची जागा रद्द होईल, असं पत्र लगेच तिच्या हातात पडलं. निवृत्तीला तीन वर्षं बाकी. दुसरी कुणी असती तर हातपाय गाळून बसली असती. आत्याचं डोकं फिरलं, ते फिरलेलंच राहिलं.

सहा आठवडे कंपनीत चिडीचूप. बैठकीत कात्रींनी भिंतीवर आलेख दाखवला. “तक्रारी बेसिकली शून्यावर आल्यात.” टाळ्या पडल्या. मालक खाकरले आणि शाब्बास म्हणाले. मालक खाकरल्याशिवाय नमस्कारसुद्धा करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक, डेअरीवाले काका, दुधाचे दोन कॅन घेऊन थेट मालकांच्या खोलीत शिरले आणि टेबलावर ठेवून झाकणं उघडली. वास पार फाटकापर्यंत गेला; कात्री आणि आत्या धावत आले.

“हे माझं दूध! चार दिवस फोन लावतोय. कुणी बाई उचलते आणि म्हणते, गाडी कोणती शिकायचीय? मला वाटलं, मंदीत तुम्ही गेलात. बाजारात सगळे तेच म्हणतायत. निम्म्यांनी दुसरा मेकॅनिक धरलाय!”

मालक तीनदा खाकरले. त्यांनी कात्रींकडे पाहिलं. कात्रींनी आत्याकडे.

“मॅडमनी बेसिकली कल्पनाच दिली नाही.”

आत्या उठली. वही आणली आणि पान उघडून कॅनशेजारी ठेवली. तिच्या ठसठशीत अक्षरात: ११.२०. कात्रीसाहेब. सहा नंबर बंद करू नका असं सांगितलं. शेवटच्या रकान्यात: ‘हसले.’

“कात्रीसाहेब कोण?” मालकांनी विचारलं. डेअरीवाले तेवढ्या रागातही फिसकन हसले.

“बाई, तो नंबर आजच परत घ्या,” मालक खाकरून म्हणाले.

“मिळणार नाही. ड्रायव्हिंग शाळेला दिलाय. मी विचारून आले.”

“मग... अहं... नवा नंबर सगळ्यांना तुम्हीच कळवा. तुमचा आवाज ओळखतात लोक. तुमचं पत्र तूर्तास थांबवू.”

“तूर्तास?” आत्याचा आवाज चढला. “साहेब, हा शब्द बावीस वर्षं मी तुमच्यातर्फे लोकांच्या तोंडावर मारलाय. मला नका शिकवू त्याचा अर्थ. पत्र रद्द करा, लेखी द्या. आणि फोन मी लावणार नाही. ज्यांनी नंबर कापला, ते लावतील.”

मालकांनी एकदा कॅनकडे पाहिलं, नाक दाबलं आणि सही केली.

दुपारी कात्रीसाहेब मोडक्या हाताच्या खुर्चीत, कानाला हेडफोन, पुढे एकशे बारा गिऱ्हाइकांची यादी. शेजारी स्टुलावर आत्या, वही उघडून.

“नमस्कार, बेसिकली आमचा नंबर...”

पलीकडून जे आलं ते दारातल्या शिपायालाही ऐकू गेलं. आत्याने लिहिलं: ‘आई काढली.’ दुसऱ्यापुढे: ‘आजोबांपर्यंत गेले.’ तिसऱ्याने नुसताच फोन आपटला.

कात्रींनी हेडफोन काढला. कान लाल झाले होते. “मॅडम, बाकीच्यांना पत्रं टाकूया का?”

“टपाल महाग झालंय,” आत्या म्हणाली. “एकशे नऊ राहिलेत. लावा.”