फवारणी थांबवणारा माणूस

द्राक्षाच्या बागेत शिरल्यावर ते आधी मालकाकडे बघतच नसत. वाकून एक पान उलटायचे, अंगठ्याने पुसायचे, दहा पावलं पुढे जाऊन दुसरं उलटायचे. ओळीच्या टोकाला पोचल्यावर चष्मा खिशात टाकून म्हणायचे, "आज काही मारू नका."

या चार शब्दांनी माझं किती नुकसान केलं, ते मलाच ठाऊक. नव्वदच्या दशकात मी पिकांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी होतो. दिंडोरी, चांदवड, पार सटाण्यापर्यंतचा पट्टा मोटरसायकलवर पालथा घालायचो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आभाळ भरून आलं की डावणी रोगाच्या धास्तीने शेतकऱ्यांची झोप उडायची आणि माझा धंदा जोरात चालायचा. मी भीती विकत होतो, हे आता कळतं. तेव्हा मी त्याला मार्गदर्शन म्हणायचो. आणि नेमके त्याच दिवसांत हे गृहस्थ आपल्या खटारा गाडीवरून बागोबाग फिरून लोकांना फवारणी करू नका म्हणून सांगत असायचे.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. फिरते द्राक्ष सल्लागार. बागेत एक फेरी मारायची, ठरलेली फी घ्यायची, पुढच्या बागेत जायचं.

दिंडोरीकडच्या एका बागेत मालकीणबाईंनी त्यांना माझ्यादेखतच विचारलं, "अण्णा, आले, पानं उलटली, चालले. काही न मारायचं सांगायचे बी पैसे घेता का?"

"घेतो ना ताई. मारायचं सांगायचे हे घेतात," म्हणत अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

बाई हसल्या, गडी हसले. मीही हसलो. आतून जळफळाट झाला होता, पण विक्री प्रतिनिधीला हसावंच लागतं.

एका वर्षी मात्र अण्णा चुकले. ओझरजवळच्या एका बागेत त्यांनी फवारणी थांबवली, दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि आठवड्याभरात घड कुजून गळाले. ही बातमी सगळ्या पट्ट्यात पोचवायचं काम मी अगदी आवडीने केलं. वाटलं, संपले अण्णा.

पुढच्या हंगामात ते त्याच बागेत दर आठवड्याला फुकट जात राहिले. वर, नवीन कुणी बोलावलं की त्याला सांगायचे, "ओझरला माझ्यामुळं एक बाग गेलीय. आधी तिथं विचारून या, मग मला बोलवा." लोक खरंच विचारून यायचे. तो मालक म्हणायचा, "चुकला हो, पण तोंड लपवून बसला नाय. यंदा निम्म्या फवारणीत माल काढून दिला." तेवढं ऐकून लोक परत येऊन अण्णांनाच बोलवायचे. मला कित्येक वर्षं वाटायचं, ही त्यांची काहीतरी युक्ती आहे.

पुढे मी नोकरी सोडली आणि शरणपूर रोडला एका गाळ्यात वेबसाइट बनवून द्यायचा धंदा टाकला. दोन हजार आठच्या सुमारास एक दिवस अण्णा जिना चढून वर आले. दर दोन पायऱ्यांना थांबत होते. गुडघे गेले होते.

"औषधवाले, एक काम आहे," म्हणाले. माझा धंदा बदलला तरी त्यांच्यासाठी मी औषधवालाच होतो. द्राक्षं परदेशी पाठवणारी एक मुंबईची कंपनी सल्लागार शोधत होती. इंटरनेटवर नोकरी-व्यवसायाच्या ओळखीपाळखीसाठी जी वेबसाइट निघाली होती, तिथे माणसांची माहिती वाचून ते लोक निवड करणार होते.

"गाडी देतात म्हणे, ड्रायव्हरसकट. बागेत मी अजून चालतो, पण मोटरसायकलची किक काही बसत नाही. बाग सुटली तर घरात बसून काय करू मी?"

एवढं बोलून त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर तीन वाक्यं होती. 'मी बागेत येऊन पानं तपासतो. गरज नसलेली फवारणी थांबवतो. माझ्या सल्ल्याने एक बाग गेली आहे, मालकाचा पत्ता देईन.'

मी हसलो. तुम्हीही हसला असता कदाचित. "अण्णा, असं लिहून कोण बोलावेल? आपली चूक कुणी जाहिरातीत घालतं का?"

मग मी माझ्या पद्धतीने झोकात लिहिलं, सगळं इंग्रजीत. एकात्मिक द्राक्ष व्यवस्थापनातील अग्रगण्य तज्ज्ञ. विक्रमी उत्पादन. सर्वांगीण उपाय. वर नेटवरून घेतलेला टपोऱ्या घडांचा फोटो. त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे घड कुणाच्या बागेतले?"

"कुणाच्या का असेनात. न मारलेल्या औषधाचा फोटो कसा काढणार?"

ते म्हणाले, "यात मी काय करतो, ते कुठंय?"

"मार्केटिंगमध्ये असंच असतं, अण्णा."

"तुम्हाला त्यातलं कळतं," म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

मी ती माहिती तशीच नेटवर टाकली. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा, "आलं का हो काही?" दोन महिन्यांनी फोन थांबला. पुढच्या छाटणीला ते कुठल्याच बागेत दिसले नाहीत.

वर्षभराने त्याच कंपनीच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. चहा घेताना मी त्यांच्या साहेबांना सहज विचारलं, सल्लागार मिळाला का. साहेब वैतागूनच बोलले. "कसला मिळतोय! आमचा माल परदेशातून परत येत होता, औषधाचे अंश जास्त निघाले म्हणून. फवारणी थांबवायची हिंमत असलेला माणूस हवा होता आम्हाला. वीस-पंचवीस जणांची माहिती वाचली. सगळे अग्रगण्य, सगळ्यांचं उत्पादन विक्रमी. शेवटी त्यातलाच एक घेतला, आता पस्तावतोय."

मी चहा तसाच ठेवून निघालो.

दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून अण्णांच्या घरी गेलो. ते खुर्चीत पाय लांब करून बसले होते. अंगाने निम्मे झाले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुम्ही फार मेहनत घेतली हो माझ्यासाठी. पण माझ्यातच काही नव्हतं त्या लोकांना सांगण्यासारखं."

तेव्हा बोलायला हवं होतं. सांगायचंच होतं ना? उभ्या जन्मात शेकडो शेतकऱ्यांना मी नको ते पटवलं होतं, आणि एक खरं वाक्य जिभेवर येईना.

"बाजारच तसा आहे, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि वहिनींना माझ्यासाठी पोहे टाकायला सांगितले. मी ते खाल्ले.

दोन वर्षांनी अण्णा गेले, आपल्यातच काही नव्हतं असं समजून.