एका मानेचे दोन कागद

माझ्या बायकोच्या मानेबद्दलचे दोन कागद एकाच आठवड्यात माझ्या हातात आले. एकावर टीबी लिहिलं होतं, दुसऱ्यावर कॅन्सर. दोन्हींवर नाव तिचंच, सुनंदा. वय तेच, बाजूही तीच, डावी. दोन्हींच्या खाली डॉक्टरांच्या सह्या आणि शिक्के.

मी कमलनगरला माझ्या अडत दुकानात बसलो होतो. एक कागद भालकीच्या लॅबवाल्याने समजावून दिला होता. दुसऱ्यावरचा 'लिम्फोमा' हा शब्द मी एकेक अक्षर फोनमध्ये घालून पाहिला, आणि फोन उलटा करून ठेवला. समोर तुरीची पोती उतरत होती. हमाल विचारत होता, "अण्णा, हे कुठं लावू?" मी बोटाने कुठेतरी दाखवलं. एकाच मानेत दोन आजार कसे असतील? का एक डॉक्टर खोटा? मग कोणता?

मला या सगळ्यातल्या लोकांची तक्रार करायची आहे आणि ती मी करणारच. पण आधी मी काय केलं ते सांगतो. उद्या तुमच्याही हातात तपासणीच्या नमुन्याची बाटली येऊ शकते.

सुरुवात साधी होती. सुनंदाला संध्याकाळी कणकण यायची, अंगाला खाज सुटायची. एक दिवस मंगळसूत्र सारखं करताना तिच्या बोटाला गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागली. दुखत नव्हती. "दुखत न्हाई तर कामून घाबरायलीस?" मी म्हणालो. दुखत नाही म्हणूनच घाबरायचं असतं, हे मला नंतर कळलं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा भालकीच्या सर्जनकडे गेलो.

त्यांनी बायॉप्सी सांगितली. बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ काढून तपासायला पाठवणं. सर्जननी दोन गाठी काढल्या. एक करवंदाएवढी, दुसरी शेंगदाण्याएवढी. दोन्ही एकाच बाटलीत टाकल्या. बाटलीत फॉर्मलिन होतं. त्यात मांस सडत नाही, पण वासाने डोळे चुरचुरतात. बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लॅबमध्ये नेऊन द्या."

कोणत्या लॅबमध्ये, ते त्यांनी सांगितलं. एकाच ठिकाणी द्या, असं सांगितलं नाही. ही माझी पहिली तक्रार.

मी पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या अडतीत पोती शिवायला लागलो. तिथून माझ्या नावाच्या पाटीपर्यंत आलो, ते एका सवयीवर. माल कसाही असो, नमुना एकाच गिऱ्हाईकाला दाखवायचा नाही. दोन पुड्या बांधायच्या आणि दोघांकडे पाठवायच्या. पहिला काय बोलला, ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो स्वतःचं डोकं चालवत नाही, पहिल्याच्या मागे जातो. या सवयीने मला आजवर कधी धोका दिला नव्हता.

मी मेडिकल दुकानातून तसलीच रिकामी बाटली घेतली. स्टँडवरच्या बाकावर बसून अर्धं फॉर्मलिन त्यात ओतलं आणि लहान गाठ तिकडे घसरवली. मोठी भालकीच्या लॅबला दिली. लहान घेऊन कलबुर्गीकडच्या एका मेडिकल कॉलेजला गेलो. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तिथल्या पॅथॉलॉजी विभागात, म्हणजे शरीरातून काढलेला नमुना तपासून आजार ओळखणाऱ्या विभागात, खिडकीमागे एक कारकून होते. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "पहिलं काही तपासलंय का?" मी कन्नडमध्ये ठोकून दिलं, "एनू इल्ला." काहीच नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं. बाटलीत सगळं आहे का, हे विचारलं नाही. ही दुसरी तक्रार.

खिडकीशेजारी काचेचा मोठा फळा होता. त्यावर विभागाच्या बातम्या. कुणाला परिषदेत बक्षीस मिळालं, कोण प्रश्नमंजूषेत पहिलं आलं, नवीन यंत्राची फीत कापताना सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. मी तिथे तासभर उभा राहून ते फोटो पाहिले. मनात म्हटलं, यांचं लक्ष फोटोत. इथं पोरं शिकतात, आपल्या गाठीवर हात साफ करतात. इथला कागद फक्त ताडून बघायला घ्यायचा.

मग ते दोन कागद आले.

टीबीच्या कागदावर 'सजेस्टिव्ह' असा शब्द होता. म्हणजे टीबी असावा, तसं दिसतंय. खाली एक ओळ होती की टीबीचे जंतू मात्र सापडले नाहीत. कॉलेजच्या कागदावर हॉजकिन लिम्फोमाचा संशय होता. लिम्फोमा म्हणजे शरीरभर ज्या लहान गाठी असतात, त्यांचा कॅन्सर. त्याही खाली एक ओळ होती. तुकडा अपुरा आहे, बाकीचा नमुना आणि आधीचे रिपोर्ट घेऊन भेटा. दोन शिकलेली माणसं, आणि दोघांचंही बोलणं 'असावा' आणि 'वाटतं' याच्या पुढे जाईना. आमच्या बाजारात असं बोलणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

दोन भाव आले की मी चांगला धरतो. मी टीबी धरला.

कॅन्सरचा कागद घडी घालून ठेवणीतल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. सर्जनना टीबीचा दाखवला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सुनंदा म्हणाली, "टीबीच हाय नव्हं? मग बरी व्हते मी." मी म्हणालो, "व्हय."

कॉलेजमधून दोनदा फोन आला. एक डॉक्टरबाई बोलत होत्या, तिथे पीजी करणाऱ्या. पेशंटला घेऊन या म्हणाल्या. पहिल्या वेळी मी सांगितलं, आम्ही दुसरीकडे औषध घेतोय. दुसऱ्या वेळी मी ओरडलो, "तुमच्या शिकण्यासाठी माझी बायको रिकामी न्हाई." फोन कापून गल्ल्यात टाकला. राग होता की भीती, मला ओळखता आलं नाही. माझ्यात ती दोन्ही सारखीच दिसतात.

दीड महिना गेला. ताप हटला नाही. खाज इतकी वाढली की ती फणीने पाठ खाजवायची. मानेवर टाक्यांच्या वर नवीन गाठ आली. मी गोळ्या देणाऱ्या सिस्टरशी भांडलो, गोळ्या बदला म्हणून. त्या म्हणाल्या, "गोळ्या बराबर हायती, काका. तुमचा रिपोर्ट बराबर हाय का बघा."

त्याच आठवड्यात सुनंदाने ती ठेवणीतली बंडी धुवायला घेतली. ती कागद घेऊन दुकानात आली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं.

"एका मानेचे दोन कागद कामून?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला, तिने तो मागे घेतला.

"ह्यात काय लिव्हलंय?"

मी सांगितलं. गिऱ्हाईकं बसलेली होती, तरी सांगितलं. ती ओट्यावर बसली. कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "जनमभर लोकास्नी गंडवलंत, ते चाललं. आता माझ्या मानेला बी गंडवायलात व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही कॉलेजला गेलो.

विभागाच्या मॅडम कन्नड बोलणाऱ्या होत्या, पण पेशंटांकडून शिकलेलं मराठी त्यांना येत होतं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. दोन्ही कागद टेबलावर आपटले आणि म्हणालो, "ह्यातला खोटा कोणता, ते सांगा."

मॅडमनी दोन्ही वाचले. मग विचारलं, "दोन गाठी होत्या काय?"

"व्हय."

"वाटल्या कुणी?"

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "मी."

फोन करणाऱ्या डॉक्टरबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आवाज ओळखला असणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मॅडमना वाटलं असतं तर त्या मला तिथून हाकलू शकल्या असत्या. त्यांनी विचारलं, "अण्णा, तुमचा धंदा काय?" मी सांगितलं. "मग पोत्यातला माल कसा बघता?"

हे मला झोपेतही सांगता येतं. पोकळ सळई पोत्यात तीन जागी खुपसायची, वर, मध्ये आणि तळाला. लोक वरती चांगली तूर भरतात आणि खाली भिजकी. एकाच जागेवरून बघणारा मूर्ख. हे बोलता बोलता माझी जीभ अडखळली. पुढचं मॅडमनी बोलायची गरज नव्हती, तरी त्या बोलल्या.

"तुम्ही पोत्यातला वरचा माल त्यांना दिला, तळाचा आम्हाला. दोघांनी जे दिसलं ते लिहिलं. खोटं कुणी नाही."

मग त्यांनी मला दोन माणसांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपला बसवलं. नमुन्याचा तुकडा मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून, काचेवर ठेवून रंगवतात. ती स्लाइड. मला जांभळं-गुलाबी रान दिसलं. मॅडम म्हणाल्या, "मध्ये बघा. घुबडाचे डोळे." दिसले. एका पेशीत दोन गोल डोळे. ही हॉजकिनची पेशी. हजारो साध्या पेशींत अशी एखादी लपलेली असते. तिच्याशी झगडताना शरीर आजूबाजूला पेशींचे पुंजके करतं, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीतही तसलेच पुंजके असतात. मोठ्या गाठीत फक्त पुंजके होते. डोळे लहान गाठीत होते.

"मग आता नक्की काय?" मी विचारलं.

"अजून नक्की नाही. त्यांचा ब्लॉक आणा. दोन्ही एकत्र बघू. आयएचसी करू." आयएचसी म्हणजे खास रंग लावून पेशीची ओळख पटवायची तपासणी. "पहिलं हे बाहेर पाठवावं लागायचं. आता इथंच होतं."

मी बाहेर येऊन फळ्यापाशी उभा राहिलो. फीत कापायच्या फोटोखाली तीच तीन अक्षरं होती, आयएचसी. बाटली द्यायला आलो त्या दिवशी मी एक तास त्याच फोटोला शिव्या देत उभा होतो.

ब्लॉक आणायला भालकीच्या लॅबमध्ये गेलो, तिथेही मला खरं सांगावं लागलं. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर मीच त्यांना फोन केला असता." मला हे कळेचना. दोन व्यापारी एकमेकांना फोन करून भाव कसा ठरवतील? हे लोक ठरवतात. तेच त्यांचं काम आहे.

आठवड्याने पक्का कागद आला. हॉजकिन लिम्फोमा. टीबी नाही. गोळ्या बंद झाल्या. मॅडम सुनंदाशी बोलल्या, माझ्याशी नाही. "अक्का, कॅन्सर आहे. पण यातला बरा होणारा आहे." सुनंदा म्हणाली, "बरं झालं मॅडम, आता मला एकच आजार हाय."

मग केमो, दर पंधरा दिवसांनी. शिरेतून औषध, तीन दिवस उलट्या, मग बरे दिवस, की पुन्हा पाळी. केस गेले. तिने डोक्याला माझा जुना रुमाल बांधला आणि म्हणाली, "आता मी बी अडत्या दिसायले." हैदराबादला पीईटी स्कॅन केला. शरीरात आजार कुठे चमकतो ते त्यात दिसतं. शेवटच्या स्कॅनमध्ये कुठेच काही चमकलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं तपासणीला यायचं.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. त्या दीड महिन्याने काय बिघडलं? मी केमोच्या डॉक्टरांना विचारलं, पॅथॉलॉजीच्या मॅडमना विचारलं. तेव्हाच आलो असतो तर केमो कमी लागला असता का? दोघेही म्हणाले, सांगता येत नाही. मी भांडलो, एक काहीतरी सांगा म्हणालो. नाही सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या गोष्टीचा भाव ठरल्याशिवाय राहिला नव्हता.

केमो संपत आला तेव्हा त्या पीजी डॉक्टरबाई एक कागद घेऊन आल्या. सुनंदाची केस त्यांना परिषदेत मांडायची होती, नाव न देता. मी उसळलो. "आमचं दुखणं, अन् बक्षीस तुमाला?"

सुनंदा म्हणाली, "द्या की. मान माझी हाय." आणि सही करायला पेन मागितलं.

मी पेन धरून ठेवलं. माझी एक अट होती. खिडकीवर पाटी लावा, कन्नडमध्ये आणि मराठीत. नमुना वाटू नका. आधीचा रिपोर्ट लपवू नका. आणि कारकुनाने तोंडाने विचारलं पाहिजे. डॉक्टरबाई म्हणाल्या, मॅडमना विचारावं लागेल. मी म्हणालो, विचारून या, आम्ही बसलोय. त्या गेल्या, आल्या आणि हो म्हणाल्या. मग मी पेन सोडलं.

परवा तपासणीला गेलो होतो. फळ्यावर नवीन फोटो होता. त्या डॉक्टरबाई प्रमाणपत्र घेताना, पोस्टरला पहिलं बक्षीस. खिडकीवर पाटीही होती. सुनंदाने पाटीवरचा मराठी मजकूर बोट लावून सावकाश वाचला, मग फोटो पाहिले.

"समद्यांची नावं हायती," ती म्हणाली. "तुमचं तेवढं न्हाई. खरं काम तर तुमीच केलंत."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, पदर घेतला नव्हता.

तिच्या रक्ताची नळी खिडकीत दिली. तेच कारकून. मान खालीच. आता सगळ्यांना विचारायची सवय लागलेली असणार. रक्तासाठीही विचारलं, "यातलं दुसरीकडे कुठं दिलंय का?"

माझ्या मागे सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "समदं हितंच हाय."